मामांना लागणारा उजेड

इकडे, जरा खाली बघा. पायलटच्या सीटवर बसलात की डाव्या गुडघ्याच्या वर, चावीच्या शेजारी एक काळं बटण दिसतं ना, नखाएवढी पांढरी रेघ असलेलं? तिथून मी बोलतोय. विमान नाही बोलत. विमानाला बोलायची सवय नाही, ते नुसतं घरघरतं. मी डिमर. समोरच्या पॅनेलवर जी नऊ-दहा घड्याळं दिसतात, कुणी वेग सांगतं, कुणी उंची, कुणी टाकीत पेट्रोल किती उरलं ते, त्यांच्यावर बारीक दिवे असतात. ते दिवे किती उजळायचे, हे माझ्या ताब्यात. डावीकडे पूर्ण फिरवलं की अंधार, उजवीकडे पूर्ण फिरवलं की लख्ख.

तुम्ही म्हणाल, हात्तिच्या, एवढंच? हो, एवढंच. तुमच्या घरच्या पंख्याच्या रेग्युलेटरचा मी लांबचा चुलतभाऊ. पण पंखा थोडा जास्त फिरला तर फार तर कागद उडतात. माझं तसं नाही. दिवस मावळला की पायलटला दोन्हीकडे बघावं लागतं, आत घड्याळांकडे आणि बाहेर अंधारात. आत उजेड जास्त झाला तर समोरच्या काचेत घड्याळांचीच प्रतिबिंबं दिसायला लागतात आणि बाहेरची धावपट्टी त्यात हरवते. कमी झाला तर आकडे वाचता येत नाहीत. म्हणून मला नेमक्या जागेवर ठेवावं लागतं आणि ही जागा प्रत्येक माणसाची वेगळी असते. माझ्याइतकं माणसांच्या डोळ्यांबद्दल कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. आढ्यता नाही, खरं तेच सांगतोय.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका मान खाली घालून काम करत बसलेल्या असायच्या. एकीने मला दांडा बसवला, दुसरीने त्याला लागून कार्बनची गोल पट्टी, तिसरीने मागच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ट्रान्झिस्टर घट्ट केला. बटण हुकूम सोडतं, ट्रान्झिस्टर राबतो आणि तापतो. ही विभागणी तुमच्याही घरात असेलच. टेबलाच्या टोकाला बसलेल्या चष्मेवाल्या बाईंनी मला तीनदा फिरवून बघितलं, मान डोलावली आणि खोक्यात टाकलं. त्यानंतर चार माणसं बसतील अशा एका लहान विमानात मला बसवलं, तेच हे विमान.

पहिली दहा वर्षं आम्ही विमान शिकवणाऱ्या शाळेत काढली. त्या वर्षांबद्दल मी फारसं बोलत नाही. शिकाऊ मंडळी घाबरलेली असायची आणि घाबरलेला माणूस हाताला येईल ते पिरगळतो. रेडिओचा आवाज वाढवायला निघालेला हात माझ्यावर येऊन पडायचा आणि मग सगळं पॅनेल अंधारात गेलं की शिकवणाऱ्या सरांचा आवाज वाढायचा. शिव्या मात्र मला.

मग गुरांच्या डॉक्टरांनी हे विमान घेतलं. लांब लांबच्या वस्त्यांवर जायचं, कुठे गाय अडलेली, कुठे घोडा लंगडतोय, कुठे शंभर मेंढ्यांना लस टोचायची आहे. रस्त्याने गेलं तर दिवस जायचा, विमानाने तासात. मागच्या सीटवर औषधांची पेटी आणि लसींचा बर्फाचा डबा. फिनेलचा वास या विमानाच्या गाद्यांत असा मुरलाय की गाद्या बदलल्या तरी जाणार नाही. पुढे विमानतळावरच्या वर्कशॉपात त्यांची भाची कामाला लागली. ती त्यांना मामा म्हणते म्हणून सगळेच मामा म्हणायला लागले. तिथला मुख्य मिस्त्री त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा, पण तोही मामाच म्हणतो.

मामा सकाळी जायचे आणि संध्याकाळी, दिवेलागणीला परत यायचे. सूर्य मावळला की त्यांचा डावा हात न बघता माझ्यावर यायचा. माझ्या रेघेकडे घड्याळाचा काटा म्हणून बघितलं, तर सातवर मी बंद आणि पाचवर पूर्ण लख्ख. मामा मला नऊच्या जरासं वर ठेवायचे. रोज तिथेच. त्या जागी माझ्या कार्बनच्या पट्टीला खळगा पडला होता. हात ठेवताना ते काहीतरी गुणगुणायचे, सूर कधीच लागायचा नाही. पण त्यांच्या बोटांना घाई नसायची. इतक्या हलक्या हाताने मला त्याआधी कुणी फिरवलेलं नव्हतं आणि मला तो माणूस आवडायचा. हे सांगून टाकतो, कारण पुढे त्यांनीच माझ्या नावाने खडे फोडले.

आता भाचीबद्दल. ती वर्कशॉपात लागून दुसरंच वर्ष होतं. होकायंत्राचा बल्ब गेला होता. नियम असा की मुख्य स्विच बंद करायचा, मग बल्ब बदलायचा. पण नवा बल्ब बसवल्या बसवल्या लागतो का, हे हिला बघायचं होतं. स्विच चालू ठेवला. बल्बचं होल्डर ओढून बाहेर काढताना त्याचं टोक पॅनेलच्या उघड्या धातूला टेकलं, चट्कन ठिणगी उडाली, तारांमधून सगळा भार एकदम माझ्यावर आला आणि माझा ट्रान्झिस्टर गेला. नुसता तो बल्ब नव्हे, पॅनेलवरचे सगळे दिवे गेले. ती उठून सरळ मिस्त्रींकडे गेली.

"मिस्त्रीकाका, माझ्याकडून डिमर जळला."

मिस्त्री चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही. "डिमर जळला हे मला वासावरून कळलं. का जळला ते सांग."

तिने सांगितलं. मिस्त्रींनी तिलाच मला बाहेर काढायला लावलं. टेबलावर उताणं पाडून तिने माझा मेलेला ट्रान्झिस्टर काढला, पत्रा पुसला, अभ्रकाची पातळ चकती ठेवली, तिच्यावर नवा ट्रान्झिस्टर बसवला आणि तारा जोडायला कथलाचा डाग लावताना श्वास रोखून धरला. तीन दिवस ती मला उघडून उघडून बघत होती. मला हसू येत होतं. डाग उत्तम होता. कारखान्यातल्या बाईने लावला होता त्याहून चांगला. पण ते तिला कोण सांगणार?

त्या वर्कशॉपाचा एक रिवाज आहे. मिस्त्रींनीच घातलेला. ज्याने पाना लावला, त्याने दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणात पायलटच्या शेजारी बसायचं. इंजिन उघडलं असो की दाराची कडी बदललेली असो. मिस्त्री म्हणतात, "आपण बसणार आहोत हे ठाऊक असलं की स्क्रू आपोआप नीट आवळला जातो." त्याप्रमाणे ती तेव्हा मामांच्या शेजारी बसली होती. सगळा वेळ तिची नजर माझ्यावर. मामांना हसू आवरेना. "अगं, बाहेर पण बघ जरा. सूर्यास्त फुकट चाललाय."

त्यानंतर बरीच वर्षं छान गेली. मामांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, भाची वर्कशॉपात सह्या करण्याइतकी मोठी झाली. माझ्या बाबतीत एकच गोष्ट घडत होती आणि ती इतकी हळूहळू घडत होती की मीसुद्धा आधी दुर्लक्ष केलं. मामांचा हात मला नऊवर सोडेना. एका वर्षी दहा, पुढच्या वर्षी साडेदहा. मग बारा. मला वाटलं, पेशंट वाढलेत, दमत असतील. मग दोन. घड्याळाच्या काचेवर ते टिचकी मारायचे, पुढे वाकायचे, पुटपुटायचे. पुटपुटण्याचा विषय मी.

आणि एके दिवशी मला शेवटच्या टोकापर्यंत, पाचवर नेऊन आपटलं. मी थांबलो. त्यापुढे जागाच नाही. तरी त्यांचा अंगठा मला ढकलतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान उभं करायच्या शेडमध्ये, हँगरमध्ये, आल्या आल्या त्यांनी हाक मारली. "पोरी, तुझा डिमर परत झोपलाय गं. दिवे मिणमिणतायत नुसते."

'तुझा डिमर.' ते सहज बोलून गेले, पण तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली, की आपण जाळलेला, आपण दुरुस्त केलेला डिमर, आपलंच काम कच्चं निघालं. आणि मामा एवढ्या लांबून संध्याकाळचे एकटे परत येतात. तिने त्याच दिवशी मला बाहेर काढलं.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात अपमानाचे. तिने मला तीनदा उघडलं. माझी पट्टी साफ केली, डाग वितळवून नव्याने लावले. सगळे बल्ब बदलले. तारांची टोकं घासली. मीटर लावून बघितलं, मला पूर्ण फिरवलं की बल्बपर्यंत वीज पुरेपूर पोचत होती. तिने मला हँगरचं दार ओढून अंधार करून बघितलं. लख्ख. इतकं लख्ख की तिने डोळे मिचकावले. मामा मात्र दर आठ-दहा दिवसांनी येऊन तेच.

"कालच्यापेक्षा बरे आहेत. पण तेज नाही गं पूर्वीचं."

एकदा तर म्हणाले, "काढून टाक तो. जुनं झालं की माणूस काय नि वस्तू काय, नवीन आणावी." भंगाराचा डबा टेबलाखालीच होता, मला तिथून तो स्पष्ट दिसत होता. खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली. गुन्हा काय, तर काहीच नाही. आणि सांगायला तोंड नाही.

तिने नवीन डिमर मागवायचा ठरवला. खर्चाची सही मिस्त्रींचीच लागते, म्हणून कागद घेऊन त्यांच्याकडे गेली.

"बिघाड सापडला?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही."

"मग हा बदलून काय होणार? नवाही तसाच वागला तर त्याला पण काढशील?"

"मग मी काय करू, काका? रोज ते येत नाहीत तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. उद्या अंधारात दिवेच गेले तर? माझ्या हातचं काम आहे ते."

मिस्त्रींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. खूप वेळ लावला त्यांनी. मग म्हणाले, "नुसतं बटण बदल. वरचं प्लॅस्टिकचं. आतल्या कशाला हात लावू नकोस."

"बटण? त्याने काय होणार?"

"दिव्यांना काही होणार नाही."

"म्हणजे मामांना फसवायचं?"

"कशाला फसवतेस? वहीत खरं लिही, बटण बदललं म्हणून. त्यांनी विचारलं तर सांग. आणि रिवाजाप्रमाणे संध्याकाळी शेजारी बस. दिव्यांकडे बघू नकोस पण. मामांकडे बघ."

तिला तेव्हा कळलं की नाही, कुणास ठाऊक. माझं जुनं बटण, ज्याच्यावर मामांच्या अंगठ्याने कडा गुळगुळीत केल्या होत्या, ते तिने काढून खिशात टाकलं आणि नवं कोरं चमकतं बटण बसवलं. मला कुणाची तरी टोपी घातल्यासारखं वाटत होतं. दुपारी तिने विमानात पेट्रोलही भरलं, डावी टाकी पाऊण.

मामा आले, बटण बघून खूश झाले. "आणलास एकदाचा नवा! चल, बघू या."

ती गप्प राहिली. त्यांनी विचारलं नव्हतं.

सूर्य टेकत असताना आम्ही उडालो. विमानतळाभोवतीच फेऱ्या मारायच्या, अर्धा तास, मग उतरायचं. झाडं आधी काळी झाली, मग रस्ते, मग घरांचे दिवे लागले. मामांचा हात माझ्यावर आला आणि त्यांनी मला एका दमात पाचपर्यंत नेलं. सगळं पॅनेल पेटून उठलं.

"वा! आता कसं! याला म्हणतात डिमर!"

मी तोच होतो. ट्रान्झिस्टर तोच, पट्टी तीच, खळगा तोच. भाचीने माझ्याकडे बघितलं, मग मिस्त्रींनी सांगितलं होतं तसं मामांकडे. त्यांचा चेहरा उजेडाने न्हाऊन निघाला होता आणि डोळे बारीक केलेले होते. समोरच्या काचेत घड्याळांची रांगच्या रांग तरंगत होती. तिला त्या काचेतून बाहेरचं काही दिसेना.

"मामा, बाहेरचं दिसतंय?"

"मला काय बघायचंय? पाठ आहे सगळं. बावीस वर्षं उतरतोय इथे." ते हसले. "लायसनच्या तपासणीतला तो अक्षरांचा तक्ता माहितीये ना? अकरा वर्षं तोच आहे भिंतीवर. झोपेतून उठवून विचारलंस तरी म्हणून दाखवीन."

ते गंमत म्हणून सांगत होते. ती हसली नाही.

"डाव्या टाकीत किती आहे, मामा?"

मामांनी पॅनेलकडे मान वळवली. "अर्धी."

काटा पाऊणवर होता. माझ्याच उजेडात, ठळक, पांढरा काटा. आणि तो तिनेच दुपारी तिथवर आणला होता. मामांनी सकाळी बघितलं तेव्हा अर्धी होती, म्हणून अर्धी. ते वाचत नव्हते. ते आठवत होते.

मी इतकी वर्षं हे जाणून होतो. नऊ, दहा, बारा, दोन, पाच. मला सगळा हिशेब पाठ होता आणि मी तोंडात मूग गिळून बसलो होतो, कारण तोंडच नाही. आता तिला कळलं होतं. तिचे हात मांडीवर घट्ट मिटलेले मला दिसत होते. मला तिची दया आली आणि मामांचीही आली, आणि थोडी माझीही. मग विमान उतरायला वळलं.

धावपट्टीच्या डावीकडे गोदामांची रांग आहे. तिच्या कुंपणावर दिवे आहेत, ओळीने. धावपट्टीचे दिवे त्यांच्याहून मंद. मामांनी विमान खाली आणायला सुरुवात केली. शांतपणे, गुणगुणत. नाक सरळ गोदामांच्या दिव्यांकडे.

"मामा," ती आपल्या बाजूच्या काचेतून खाली बघत म्हणाली. आवाज तिने मुद्दाम साधा ठेवला होता. "उजवीकडे घ्या. धावपट्टी उजवीकडे आहे."

गुणगुणणं थांबलं. त्यांनी विमान उजवीकडे घेतलं. तिने मामांच्या पुढून हात लांबवून मला पकडलं आणि झर्कन मागे फिरवलं, पाचवरून थेट नऊच्या आसपास. काचेतली घड्याळं विझली आणि बाहेरची धावपट्टी, दोन्ही बाजूंच्या दिव्यांसकट, समोर उभी राहिली.

"अगं कमी नको करूस! मला आकडे दिसत नाहीत!"

"तुम्ही बाहेर बघा. आकडे मी सांगते."

ती सांगत गेली. वेग ऐंशी. उंची पाचशे. वेग अठ्ठ्याहत्तर. उंची तीनशे. तिचा आवाज एकदाही चढला नाही. मामांचे हात तिच्या आकड्यांप्रमाणे चालत राहिले. हात अजून तेच होते, घाई नसलेले. वेग सत्तर. उंची शंभर. पन्नास. चाकं टेकली तेव्हा इतकी अलगद टेकली की मला नुसती थरथर जाणवली.

हँगरसमोर इंजिन बंद केलं तरी दोघांपैकी कुणी पट्टा सोडला नाही. गरम इंजिन टिक टिक करत निवत होतं. भाचीने पायाशी ठेवलेली दुरुस्तीची वही उघडली आणि लिहायला लागली. काम केलेल्याने नोंद करायची आणि मालकाने वाचून खाली सही करायची, असं असतं. मी नऊवर होतो. माझ्या त्या मंद उजेडात तिचं पेन झरझर चालत होतं. मामा तिच्या हाताकडे बघत होते.

"एवढ्यात दिसतं तुला?"

"हो."

"लिहिता येतं?"

"येतं, मामा."

तिने वही त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती जवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. त्यांचा हात सवयीने माझ्याकडे आला, मला वाढवायला. आणि अर्ध्यातच थांबला. वही त्यांनी परत तिच्या मांडीवर ठेवली.

"तूच वाच."

तिने वाचलं. "डिमरचं फक्त बटण बदललं. आतला एकही भाग बदललेला नाही. बल्ब, तारा आणि डिमर तपासले, उड्डाणात पाहिले. सगळं ठीक आहे." इथे ती थांबली. शेवटचं वाक्य तिला लगेच वाचवेना. मग वाचलं. "बिघाड विमानात नाही."

बाहेर मिस्त्री दाराला टेकून उभे होते, पण पुढे आले नाहीत.

"हे शेवटचं तुला मिस्त्रीने लिहायला सांगितलं?" मामांनी विचारलं.

"नाही. माझं आहे."

मामांनी मान हलवली. मग त्यांनी मला बोटाने स्पर्श केला, फिरवलं नाही, नुसता स्पर्श. "किती वर्षं झाली असतील रे?"

"काय, मामा?" तिने विचारलं.

"तुला नाही विचारत. याला विचारतोय. याला माहीत असेल."

मला माहीत होतं. सहा वर्षं. त्या वेळी मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं की डॉक्टर, सहा वर्षं झाली, आणि मी तुमच्यावर रागावलेलो नाही. त्यांनी पेन घेतलं, तिने बोट ठेवून दाखवलेल्या जागी सही केली. जरा वाकडी झाली. मग चावी काढली आणि तिच्या हातात दिली. "गायींचे डोळे बघत आयुष्य गेलं," ते म्हणाले, "आणि स्वतःचे..." तिने त्यांचा हात धरला. दोघं अंधारात बसून राहिली आणि मी उगाच जळत राहिलो, मला बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

ही गोष्ट सात महिन्यांपूर्वीची. तेव्हापासून विमान उडालेलं नाही. वर कापड घातलेलं असतं. भाची आठवड्यातून एकदा कापड काढते, इंजिन फिरवते, मला सातपासून पाचपर्यंत एकदा फिरवते, म्हणजे मी अडकू नये. वस्त्यांवर आता दुसरा, तरुण डॉक्टर गाडीने जातो. त्याला पोचायला दिवस लागतो आणि मामांना त्याचे फोन येतात. पहिले दोन महिने मामा विमानतळाकडे फिरकलेच नाहीत. मला वाटलं, संपलं. धूळ साचायला लागली की आमच्यासारख्यांना काय वाटतं, ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात आहे. त्यानंतर लायसनची तपासणी होईल, वेगळ्या डॉक्टरांकडे. हे मामांनी स्वतः मागून घेतलं. ते पास होतील का, पुन्हा उडतील का, मला ठाऊक नाही आणि मी खोटी आशा लावणार नाही. भाचीने त्यांच्याकडून एक कबूल करून घेतलंय. पास झाले तरी दिवेलागणीच्या आत घरी. त्यांनी कुरकुर केली, पण कबूल केलं.

मला मात्र तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही घरात कुणी तरी असेल, जे म्हणत असेल, या खोलीत उजेडच नाही, हल्लीची छपाई फार बारीक, टीव्हीचा आवाज नीट येत नाही. तुम्ही बल्ब बदलाल, नवा टीव्ही आणाल. जरूर आणा. पण आमच्यावर खापर फोडण्याआधी एकदा त्या माणसाकडे नीट बघा. त्याला स्वतःहून सांगता येत नाही. आणि आम्हाला तर तोंडच नाही.

काल संध्याकाळी मामा आले. काळा चष्मा लावून, भाचीचा दंड धरून. "नुसतं बसायचंय," म्हणाले. ती त्यांना पायलटच्या सीटवर बसवून शेजारी बसली. मिस्त्रींनी हँगरचं दार ओढून घेतलं. आत अंधार झाला. मामांनी चष्मा काढला. भाचीने स्विच टाकला आणि जुन्या सवयीने, त्यांना लागतो म्हणून, मला पाचपर्यंत फिरवलं.

मामांनी दोन्ही हात डोळ्यांपुढे धरले.

"अगं, कमी कर, कमी कर," ते म्हणाले. "केवढा हा उजेड!"